ट्रेवरचं फुलपाखरू आणि कापून टाकलेलं पान

करामातल्या घरांत खिळा ठोकायची चोरी. फ्लॅट भाड्याचा, डिपॉझिट अडकलेलं, आणि सोडताना भिंत जशीच्या तशी द्यायची. म्हणून इथली हौस भिंतीपेक्षा हलवता येणाऱ्या वस्तूंवर जास्त उतरते: चहाचा ट्रे, मसाल्याचा डबा, किल्ल्यांची पेटी, रुखवताला शोभेल असं काहीबाही. त्यातली अलीकडची एक लाट म्हणजे जुन्या पुस्तकांतले किडे. पिवळट कागदावरचे भुंगे, चतुर, पतंग. चित्र छापलेला पातळ कागद कापायचा, चिकटवायचा, वर वॉर्निशचे थर द्यायचे. ओट्याखाली झुरळ दिसलं की आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतो, आणि त्याच ओट्यावर कीटकांनी भरलेल्या ट्रेमधून पाहुण्यांना चहा देतो. असो.

तुम्हाला ही नवी फॅशन वाटत असेल, तर ती किमान अडीचशे वर्षं जुनी आहे. लंडनच्या रॉबर्ट सेयर नावाच्या प्रकाशकानं १७६०च्या सुमारास ‘द लेडीज अम्यूजमेंट’ हे पुस्तक काढलं. दोनशे पानांवर पंधराशेहून जास्त चित्रं: फुलं, पक्षी, चिनी माणसं आणि भरपूर किडे-फुलपाखरं. ती रंगवायची, कात्रीनं कापायची आणि पेट्या-कपाटांवर चिकटवायची, एवढ्यासाठीच छापलेली. त्यात एक सल्लाही आहे. युरोपातलं दृश्य असेल तर प्रमाण सांभाळा. भारतीय किंवा चिनी असेल तर मोकळीक घ्या, तिकडच्या चित्रांत फुलपाखरानं हत्ती तोलून धरलेलाही चालतो! पूर्वेकडच्या गोष्टी शोभेच्या, त्यांना अर्थ असलाच पाहिजे असं नाही, हा समज इतक्या सहजपणे लिहिलेला क्वचितच सापडेल.

चिकटवलेल्या चित्रावर जो लेप द्यायचा, त्याची गोष्ट मला चित्रांहून जास्त आवडते. चीन-जपानचं चकचकीत सामान युरोपला हवं होतं. पण तिकडचा लेप एका झाडाच्या चिकापासून होतो आणि ते झाड युरोपात नव्हतं. मग नक्कल कशाची करायची? आपल्या लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणारा इवलासा किडा जे कवच स्रवतो ती लाख. ती स्पिरिटमध्ये विरघळवली की झालं वॉर्निश. स्टॉकर आणि पार्कर यांच्या १६८८च्या इंग्रजी पुस्तकात या कृती दिलेल्या आहेत. लाक्षागृहाची गोष्ट लहानपणीच ऐकलेल्या आपल्याला लाखेचं नवल नसतं, पण इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्दही तिच्यापासूनच आलेला. पाटण्याच्या जेम्स करनं १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी या किड्याचं वर्णन लिहिलं आणि पुढे किड्याला त्याचंच नाव लागलं: केरिया लॅक्का. म्हणजे त्या काळच्या इंग्रज बाईच्या पेटीवर कागदी किडा होता, आणि त्याच्यावर खऱ्या किड्याचा थर. कागदी किड्याचं कौतुक झालं. खरा पारदर्शक होता, म्हणून दिसला नाही.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर आणि गंजिफांवर तीच लाख चढते. बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्याही तिच्याच. आपल्या घरांत हा किडा फार आधीपासून राहतो आहे.

आता चित्रांकडे. कापलेल्या कागदावर सहसा नाव उरत नाही, आणि ती सगळी ‘व्हिंटेज’ या एका शब्दात बसवली जातात. त्यांतलं मोठं, काळं, निळसर पट्ट्यांचं फुलपाखरू कदाचित आपलं ब्लू मॉर्मन असेल. महाराष्ट्रानं २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. शास्त्रीय नाव मात्र १७७५ साली पीटर क्रेमर या डच व्यापाऱ्यानं दिलं. एडवर्ड डोनोव्हननं १८००पासून भारतातल्या कीटकांवर अख्खं सुंदर पुस्तक काढलं, तेही लंडनमधल्या संग्राहकांच्या पेट्यांतले वाळलेले नमुने समोर ठेवून. भारत त्यानं पाहिला नव्हता. चित्रं देखणी आहेत, यात वाद नाही.

सगळ्यांत जास्त कापली जाणारी चित्रं बहुधा मारिया सिबिला मेरियनची. जन्म १६४७, फ्रँकफर्ट. तिचं पहिलं पुस्तक फुलांचं. भरतकाम करणाऱ्या बायकांना नमुने मिळावेत म्हणून काढलेलं. तेव्हा आपल्या चित्रांनी घर सजलं म्हणून ती रुसली नसती. मग ती सुरवंटांच्या नादी लागली, आणि १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. दोन वर्षांनी आजारी होऊन परतली. १७०५ साली अॅम्स्टरडॅममध्ये साठ चित्रांचं पुस्तक निघालं. पहिलं चित्र अननसाचं. ट्रेवर ते फार खुलतं. नीट पाहा: अननसाभोवती आहेत ती झुरळं.

पण मला सांगायचंय ते पंचेचाळिसाव्या चित्राबद्दल. लाल-पिवळा शंकासुर, त्यावर सुरवंट आणि पतंग. शंकासुर तुम्हाला ओळखीचा आहे; गावी कुंपणाला असतो, आणि दुबईतही रस्त्याकडेला लावलेला दिसतो. या चित्राला मेरियननं जो मजकूर जोडला त्यात ती लिहिते, की डच मालकांच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, कारण आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला यावं असं त्यांना वाटत नाही. हे त्यांनीच तिला सांगितलं, असंही ती नोंदवते.

त्या पुस्तकात चित्रामागून चित्र, आणि प्रत्येकाबरोबर मजकुराचं पान अशी रचना आहे. कात्री फक्त चित्राला लागते. ज्या बायकांनी कुणापाशी तरी हे बोलून ठेवलं त्यांची नावं मेरियननंही लिहिली नाहीत, आणि त्यांचं बोलणं मजकुराच्या पानाबरोबर मागे राहतं. मग उरतो तो सुंदर पतंग, चहाच्या कपाखाली.

ट्रे फेकून द्या असं मी म्हणत नाही, माझ्याकडेही आहे. तुमच्याकडे असला तर त्यावर शंकासुर आहे का तेवढं बघा. जुन्या प्रती स्कॅन करून जालावर फुकट ठेवलेल्या आहेत. चित्र क्रमांक ४५ काढा, आणि त्याच्या जोडीचं पान उघडा.