कृष्णा (नाव)

कृष्णा हे भारतातील एक प्रचलित विशेषनाम असून ते स्त्री, पुरुष, नदी, जिल्हा आणि वनस्पती अशा भिन्न गोष्टींसाठी वापरले जाते. महाभारतातील द्रौपदीचे हे एक नाव आहे, दख्खनच्या पठारावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या एका प्रमुख नदीचे हेच नाव आहे आणि मराठीत ते पुरुषाचेही नाव असते. देवकीपुत्र श्रीकृष्णाचे मूळ नाव मात्र 'कृष्ण' असे अकारान्त आहे. रोमन लिपीत दोन्ही नावे एकाच पद्धतीने लिहिली जात असल्यामुळे 'कृष्ण' आणि 'कृष्णा' यांत वारंवार गल्लत होते.

व्युत्पत्ती आणि रूपे

संस्कृतमध्ये 'कृष्ण' या विशेषणाचा अर्थ काळा, सावळा किंवा गडद असा आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'कृष्णा'. प्राकृतात या शब्दाचे 'कण्ह' झाले आणि त्यातून कान्हा, कान्हो, कान्होबा ही मराठी रूपे आली. किसन, किसना ही रूपेही याच नावाची होत.

मराठीत हा भेद विभक्तीप्रत्यय लागताना स्पष्ट दिसतो. पुल्लिंगी 'कृष्ण' शब्दाचे सामान्यरूप 'कृष्णा' होते, म्हणून कृष्णाने, कृष्णाला, कृष्णाची बासरी. स्त्रीलिंगी 'कृष्णा' शब्दाचे सामान्यरूप 'कृष्णे' होते, म्हणून कृष्णेने, कृष्णेला, कृष्णेचे पाणी. त्यामुळे 'कृष्णाचा पूर' या शब्दांतून व्याकरणदृष्ट्या नदीचा बोध होत नाही. नदीला येतो तो 'कृष्णेचा पूर'. इंग्रजी मजकुरावरून घाईने केलेल्या अनुवादांत हा फरक हमखास हरवतो. सामासिक शब्दांत मूळ रूप टिकते, म्हणून 'कृष्णाकाठ' आणि 'कृष्णाखोरे' ही रूपे बरोबर आहेत.

संबोधनात गुंतागुंत आणखी वाढते. मराठीत कृष्णाला हाक मारायची ती 'कृष्णा!' अशी, तर द्रौपदीला किंवा नदीला 'कृष्णे!' अशी. वस्त्रहरणाच्या प्रसंगी मराठी कीर्तनांतली आणि नाटकांतली द्रौपदी ज्या शब्दाने श्रीकृष्णाचा धावा करते, तो उच्चाराने तिच्या स्वतःच्याच नावासारखा असतो. मूळ संस्कृतात असे होत नाही, कारण तेथे पुल्लिंगी संबोधन 'कृष्ण' असेच राहते.

महाभारतातील कृष्णा

पांचाल देशाचा राजा द्रुपद याच्या यज्ञवेदीतून जन्मलेली कन्या सावळ्या वर्णाची असल्यामुळे तिचे नाव 'कृष्णा' ठेवले गेले. द्रौपदी, पांचाली आणि याज्ञसेनी ही तिची नावे पिता, देश आणि यज्ञ यांवरून पडलेली आहेत. तिच्या स्वतःच्या रूपावरून पडलेले नाव 'कृष्णा' हेच होय. तरीही सर्वसामान्य वाचकाला ते सर्वांत कमी परिचित आहे.

या महाकाव्यात एकाच नावाच्या अनेक व्यक्ती एकत्र येतात. कथेचा कर्ता मानला गेलेला व्यास हा 'कृष्ण द्वैपायन' आहे, म्हणजे यमुनेच्या द्वीपावर जन्मलेला सावळा. विराटपर्वात अर्जुन आपली दहा नावे सांगतो, त्यांतही 'कृष्ण' आहे. म्हणूनच श्रीकृष्ण व अर्जुन या जोडीसाठी महाभारतात 'कृष्णौ' हे द्विवचन येते. या सर्वांना एकत्र आणणारा धागा वर्णाचा आहे. सावळा रंग हे या काव्यात उणेपणाचे लक्षण नाही, ही गोष्ट नावांच्या या यादीवरूनही दिसते.

कृष्णा नदी

मुख्य लेख: कृष्णा नदी

कृष्णा नदी सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे उगम पावते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात हंसलदीवी परिसरात बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे २,५९,००० चौरस किलोमीटरचे असून त्यातील जवळजवळ २७ टक्के भाग महाराष्ट्रात येतो. वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, घटप्रभा, मलप्रभा, भीमा, तुंगभद्रा आणि मुसी या तिच्या प्रमुख उपनद्या होत.

प्राचीन वाङ्मयात नदीचे नाव बहुधा कृष्णवेणा, कृष्णवेणी किंवा कृष्णवेण्णा असे येते. खारवेलाच्या हाथीगुंफा शिलालेखातील 'कण्हबेंणा' ही नदी कृष्णाच असावी, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते ती विदर्भातील वैनगंगा-कन्हान होय. जोडनावातील 'वेण्णा' आज माहुलीजवळ कृष्णेला मिळणाऱ्या उपनदीचे स्वतंत्र नाव म्हणून उरले आहे.

महाबळेश्वरच्या स्थलपुराणानुसार ब्रह्मदेवाने सावित्रीची वाट न पाहता यज्ञ आरंभला, तेव्हा तिने दिलेल्या शापामुळे देव नद्या झाले: विष्णूची कृष्णा, शिवाची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती म्हणजे कोयना. या कथेत नदी हे विष्णूचेच स्त्रीरूप ठरते. म्हणजे देवाचे आणि नदीचे नाव एकमेकांत मिसळण्याचा दोष केवळ रोमन लिपीच्या माथी मारता येत नाही. परंपरेनेही ती दोन नावे जोडलेली आहेत, मात्र लिंगभेद कायम राखून.

लोकव्यवहारात नदी 'कृष्णामाई' किंवा 'कृष्णाबाई' आहे. वाई येथे हिवाळ्यात घाटाघाटांवर कृष्णाबाईची मूर्ती बसवून तिचा उत्सव केला जातो. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो तेव्हा, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी, कृष्णाकाठी कन्यागत पर्वकाळ पाळला जातो. आंध्र व तेलंगणात त्यालाच कृष्णा पुष्करम् म्हणतात. यापूर्वीचे पुष्करम् २०१६ साली झाले. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. तो संगम 'प्रीतिसंगम' म्हणून ओळखला जातो आणि तेथे यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कृष्णाकाठ' (१९८४) असे आहे. सांगली परिसरातील कृष्णाकाठची वांगीही या नावानेच विकली जातात.

नदीचे नाव प्रशासनात आणि न्यायालयांत सर्वाधिक येते ते पाणीवाटपाच्या संदर्भात. १९६९ साली न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली कृष्णा पाणी तंटा लवाद नेमला गेला. त्याने ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० अब्ज घनफूट पाणी उपलब्ध धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट असे वाटप केले. पुनरुद्भवित पाण्याचा वाटा याखेरीज होता. न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसरा लवाद २००४ साली स्थापन झाला आणि त्याने २०१० साली निवाडा दिला. तेलंगण राज्याच्या निर्मितीनंतर तेलंगण व आंध्र यांच्यातील वाटपाचा प्रश्न २०२३ मध्ये याच लवादाकडे सोपवण्यात आला. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापूर भागात कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीचा वाद तीव्र झाला.

नदीवरून पडलेली नावे

आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्याचे नाव नदीवरून आहे, देवावरून नाही. त्यामुळे 'कृष्ण जिल्हा' असे लिहिणे चुकीचे ठरते. जिल्ह्याचे मुख्यालय मछलीपट्टणम येथे आहे. २०२२ च्या पुनर्रचनेत विजयवाडा शहर या जिल्ह्यातून निघून नव्या एन. टी. आर. जिल्ह्यात गेले. नैसर्गिक वायूसाठी ओळखले जाणारे कृष्णा-गोदावरी खोरे, तिरुपती-आदिलाबाद मार्गावरील कृष्णा एक्सप्रेस, १९९६ साली स्थापन झालेले महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ आणि कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुक येथील कृष्णा सहकारी साखर कारखाना ही याच मालिकेतील नावे आहेत.

व्यक्तिनाम

स्त्रीनाम म्हणून 'कृष्णा' संस्कृत व्याकरणाला धरून आहे. ज्ञानपीठ पुरस्कार (२०१७) मिळालेल्या हिंदी कादंबरीकार कृष्णा सोबती (१९२५–२०१९), जवाहरलाल नेहरू यांच्या धाकट्या भगिनी कृष्णा हाथीसिंग (१९०७–१९६७) आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत थाळीफेकीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या कृष्णा पूनिया ही त्याची परिचित उदाहरणे.

पुरुषनामाचे दोन वेगळे उगम आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. पहिला उगम मराठीतलाच आहे. राम-रामा, गोविंद-गोविंदा यांप्रमाणे बोलीत नावाला 'आ' जोडून 'कृष्णा' होते आणि त्यालाच 'जी' लागून 'कृष्णाजी'. शिवकालीन बखरकार कृष्णाजी अनंत सभासद, कवी केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले आणि नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची नावे इंग्रजी वर्णलेखनाच्या प्रभावातून आलेली नाहीत. दुसरा उगम दक्षिणी नावांच्या रोमन लेखनाचा आहे. कन्नड व तेलुगू लिपींत पुरुषाचे नाव 'कृष्ण' असे ऱ्हस्व आणि नदीचे 'कृष्णा' असे दीर्घ लिहितात. रोमन लिपीतून मराठीत येताना हा भेद गळून पडतो. म्हणूनच कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री आणि २००४ ते २००८ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले एस. एम. कृष्ण मराठी वृत्तपत्रांत 'एस. एम. कृष्णा' झाले. गायक टी. एम. कृष्ण यांच्याबाबतही तेच घडते. ही रूपे आता रूढ असल्याने शोध घेताना दोन्ही लेखने पाहावी लागतात.

इतर उपयोग

आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये 'कृष्णा' हे पिंपळीचे एक पर्यायनाम आहे. मागधी, वैदेही, चपला आणि कणा ही तिची सोबतची नावे. जुन्या वैद्यकीय पोथ्यांत औषधांच्या यादीत 'कृष्णा' आढळल्यास ती तुळस समजू नये. काळसर पानांच्या तुळशीला 'कृष्ण तुळस' म्हणतात, तर एकट्या 'कृष्णा' शब्दाने तेथे बहुधा पिंपळीच अभिप्रेत असते. आवळ्याच्या एका सुधारित वाणालाही 'कृष्णा' हे नाव दिलेले आहे.