आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातून समजून घ्या

जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्यात १७ क्रमांकाच्या लेण्याबाहेर पाचव्या शतकातला संस्कृत शिलालेख आहे. हे लेणे कोरवून घेणारा राजा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक होता. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांच्या मते त्याचे घराणे ऋषिक देशावर, म्हणजे आजच्या खानदेशावर, राज्य करत होते. त्याचा धाकटा भाऊ रविसांब मरण पावला. लेखात या मृत्यूला अनित्यतेचा आघात म्हटले आहे. त्यानंतर थोरल्या भावाचे मन धर्मकार्याकडे वळले.

अनित्यता म्हणजे काय?

पालीत याला ‘अनिच्च’ म्हणतात. जे कारणांमुळे घडते, ते कारणे बदलली की बदलते. शरीर, सत्ता, नाती सगळे त्यात आले. पण दुःख, राग आणि वाईट सवयीही त्यातच येतात. त्यामुळे हा विचार निराशेचा नाही. काहीच बदलणार नसते, तर माणसाला सुधारताही आले नसते.

मग पुनर्जन्म कोणाचा?

आत्मा जुने शरीर सोडून नवे धारण करतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. बौद्ध विचारात असा कायम टिकणारा आत्माच नाही. याला ‘अनत्ता’ म्हणतात. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला दिव्याचे उदाहरण देतात. एका दिव्यावर दुसरा पेटवला, तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जात नाही. तरीही पहिल्याशिवाय दुसरा पेटत नाही. तसेच एका जन्मातल्या कर्मांमुळे पुढचा जन्म घडतो, असे ही परंपरा मानते.

याच लेण्याच्या ओसरीत डाव्या टोकाला भवचक्राचे चित्र आहे. जन्म-मरणाचा फेरा दाखवणाऱ्या या चक्राचा बराच भाग आज नष्ट झाला आहे. पूर्वी काही इंग्रज अभ्यासकांना ते राशिचक्र वाटले होते.

डॉ. आंबेडकरांचे मत

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. मृत्यूनंतर शरीरातले पृथ्वी, आप, तेज, वायू हे घटक निसर्गात मिसळतात आणि त्यांतून नवे जीवन घडते, अशी मांडणी त्यांनी केली. मागच्या जन्मीच्या पापामुळे कोणी गरीब किंवा हलक्या जातीत जन्मतो, हा युक्तिवाद त्यांना मान्य नव्हता. महाराष्ट्रातले अनेक बौद्ध हीच भूमिका मानतात.

थोडक्यात: सगळे बदलते, आत्मा पुढे जात नाही, पण केलेल्या कामाचा परिणाम पुढे जातो. हे लेणे पाहायला जाणार असाल, तर सोमवारी अजिंठा बंद असतो.