इटाव्याचा गहू

ऑस्ट्रेलियाचा भूगोल शिकवताना मी तिथल्या गव्हापाशी हटकून रेंगाळतो. त्याच्या कुळीत आपल्या इटाव्याचे रक्त आहे! १८८९ साली तांबेऱ्याने तिथल्या पिकाचे अतोनात नुकसान केले. विल्यम फॅरर हा पूर्वाश्रमीचा सर्व्हेअर तेव्हा लँब्रिगला पदरमोड करून गव्हाचे संकर करीत होता. सरकारने त्याला नोकरी दिली, ती १८९८ मध्ये. (सरकारे सगळीकडे सारखीच!) हिंदुस्थानी गहू लवकर पिकतो, म्हणून उन्हाळ्याच्या तडाख्यातून निसटतो, हे त्याने हेरले. इटावा आणि फाइफ यांच्या संकरातून यांडिला. यांडिला आणि पर्पल स्ट्रॉ यांच्यापासून १९०१ चा फेडरेशन. दिसायला बुटका, तपकिरी. पण ओंब्या ओरबाडणाऱ्या यंत्राला फार सोयीचा. १९१० ते १९२५ या काळात त्या देशात सर्वांत जास्त पेरला गेला तो हाच. फॅरर मात्र १९०६ मध्येच वारला होता.