बडोद्याची कुंती

बडोद्यातल्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की सुरसागर निघतो, दांडिया बाजार निघतो, शेव-उसळ तर निघतेच. ओटल्यावरच्या कुंडीतल्या कुंतीबद्दल मात्र कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा प्रपंच.

कुंती म्हणजे बारमाही हिरवं झुडूप. पांढरी पाच पाकळ्यांची फुलं, संत्र्याच्या मोहोरासारखा वास, नंतर लाल फळं. पानं कढीलिंबासारखी, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक नव्या सुनेने एकदा तरी ती फोडणीला घातली आहेत! फुलं एक-दोन दिवसांत गळतात, म्हणून देवाला क्वचितच जायची. ती अंगणाची शोभा.

1875 साली कवळाण्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला, आणि पुढे या शहराला बागांचं वेडच लागलं. 1879 मध्ये कामाठी बाग झाली. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंगने आखली. क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञही, 1908 मध्ये बंगळूरच्या लालबागेत जाण्याआधी, बडोद्यातच होता. याच काळात आमचे पणजोबा नाशिककडून संस्थानच्या हिशेबखात्यात आले. जुन्या शहरातलं घर, अंगण चार हातांचं, तेही फरसबंद. जमीन नाही, मग कुंडी. पहिलं रोप कामाठी बागेतल्या माळ्याने दिलं असं घरात सांगत. बडोद्यातली निम्मी मराठी घरं आपल्या झाडाबद्दल हेच सांगतात, ते सोडा.

झाड फुलवलं खरं आजीने. ती वरूडकडची, माहेरी संत्र्याची बाग. कुंती लिंबू-संत्र्याच्याच कुळातली हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं, वासावरून कळलं. मृग बहारासाठी बागेला देतात तसा ती कुंतीला ताण द्यायची. मे संपत आला की पाणी तोडायचं. बागेत हा ताण महिनाभर तरी चालतो, कुंडीत चार-पाच दिवस पुरे, नाहीतर झाड हातचं जायचं. पानं मलूल झाली की वरची माती उकरून शेणखत, मग पेंडीचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. पाऊस लागेपर्यंत कळ्या धरायच्या आणि एका पहाटे सगळी गल्ली घमघमायची. बहर ओसरला की छाटणी. दर दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून उपसून कडेची मुळं कापायची, नवी माती भरायची. बोअरचं खारं पाणी घातलं की पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, झाडाला लोह मिळत नाही. म्हणून आजी पावसाचं पाणी हंड्यात साठवायची.

आता घर बिल्डरला दिलंय. भांडीकुंडी वाटली, फोटो वाटले. झाड कसं वाटणार? मागच्या पावसाळ्यात गुटी बांधल्या: फांदीची इंचभर साल गोल काढून, ओलं शेवाळ लावून, वर प्लॅस्टिक. दोनेक महिन्यांत मुळ्या धरल्या. एक रोप पुण्याला धाकट्या भावाकडे, एक इंदूरला आत्याकडे, एक आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत. गॅलरीत ऊन जेमतेम चार तास येतं, तरी पालवी आहे. अमेरिकेतल्या पुतण्यालाही हवं होतं. पण संत्र्या-मोसंबीला ग्रीनिंगचा रोग देणारी सायला कीड कुंतीवरही पोसते, म्हणून या कुळातली रोपं तिथे नेता येत नाहीत. त्याने फुललेल्या झाडाचा फोटो मागवून घेतला. त्याच्या मुलीने फोनवर विचारलं, “कुंती म्हणजे महाभारतातली?”

मूळ झाड कुठेच मावेना. शेवटी समोरच्या बांनी मागून नेलं. चार माणसं लागली उचलायला. गुजराती घर, ते पहिल्यापासून तिला कामिनी म्हणतात. पाणी कधी तोडायचं ते मात्र त्यांना आजीनेच शिकवलंय.