बंदुकीचा बार फुसका का जातो? आणि ती घरी दुरुस्त केली तर काय होतं?

गणपतीला गावी गेलं की माळ्यावरून काहीतरी निघतंच. कुणाकडे तांब्याचा हंडा, कुणाकडे पणजोबांची ठासणीची बंदूक. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांची मुळं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आहेत आणि कोकणात रानडुकरं, माकडं यांच्यापासून शेती वाचवायला बंदूक बाळगण्याची पद्धत जुनी आहे. मग घरातला एखादा उत्साही दादा चाप ओढून बघतो. घोडा पडतो, 'टक्' आवाज येतो, पुढे काहीच नाही. लगेच मोबाइलवर शोध सुरू होतो: बंदूक पेटत नाही, काय करू?

या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक विज्ञानाचं, दुसरं कायद्याचं. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, पण ते कळायला पहिलं आधी वाचावं लागेल.

बंदूक म्हणजे आगीचा प्रवास. छोटी आग मोठ्या आगीपर्यंत पोचली तर बार उडतो, वाटेत विझली तर फुसका. जुन्या तोड्याच्या बंदुकीत हा प्रवास डोळ्यांना दिसायचा. तोडा म्हणजे धुमसत राहणारी दोरी. नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याला 'कान' म्हणतात. कानाशी थोडी बारीक दारू ठेवायची, ती रंजक. चाप ओढला की तोडा रंजकीला टेकायचा, रंजक भडकायची आणि कानातून आग आत ठासलेल्या दारूपर्यंत जायची. दोरी विझली, रंजक वाऱ्याने उडाली, कानात काजळी साचली, दारू ओली झाली, यातलं काहीही एक घडलं की संपलं. कधी रंजक झकास पेटायची, धूर व्हायचा आणि आतला बार तसाच राहायचा.

सगळ्यात मोठा शत्रू पाऊस. बंदुकीच्या दारूतला सोरा ओलाव्यात आला की पेटणं अवघड. २३ जून १७५७ ला प्लासीला भर लढाईत पाऊस कोसळला. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली, नवाब सिराजउद्दौलाच्या बाजूची भिजली. समोरच्यांच्या तोफाही गप्प झाल्या असतील असं समजून मीर मदन चाल करून गेला आणि तोफेच्या गोळ्याने मारला गेला. प्लासीचा निकाल एवढ्यावरच लागला नाही, फितुरी होतीच. पण कोरड्या दारूची किंमत यातून कळते.

पुढे दोरी गेली, चकमक आली. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. पण ठिणगी आणि बार यांच्यामध्ये क्षणभराचं अंतर राहायचंच. स्कॉटलंडमधले एक पाद्री, अलेक्झांडर फोर्सिथ, शिकारीचे शौकीन होते. रंजकीचा भडका बघून पक्षी गोळी पोचायच्या आत उडून जायचे, याचा त्यांना वैताग यायचा. त्यांनी ठोका बसताच पेटणारं रसायन वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली. कोकणात ठासणीच्या बंदुकीला लागते ती 'टोपी' याच घराण्यातली. १८५७ च्या उठावाशी ज्यांचं नाव जोडलं गेलं त्या एनफिल्ड बंदुकाही टोपीवरच पेटायच्या. वाद होता तो कागदी काडतुसाच्या चरबीचा.

आजच्या काडतुसात ही टोपी बुडालाच बसवलेली असते. तिथेही बार फुसका जातो: काडतूस जुनं किंवा दमट असतं, टोपीत तेल झिरपलेलं असतं, नाहीतर स्प्रिंग थकल्यामुळे ठोका हलका पडतो.

इथपर्यंत गंमत आहे. धोका पुढे आहे. बार उडाला नाही म्हणजे तो मेला असं नसतं. कधी आग आत धुमसत राहते आणि काही क्षणांनी बार उडतो. 'का उडाला नाही' म्हणून कुणी नळीत डोकावत असेल तर नेमकं तेव्हाच. म्हणूनच नेमबाजीच्या रेंजवर नियम असतो: नळी सुरक्षित दिशेलाच धरायची, किमान ३० सेकंद थांबायचं, मगच हात लावायचा. ठासणीच्या बंदुकीला त्याहून जास्त वेळ. दुसरा प्रकार आणखी वाईट. बार अर्धवट उडतो, गोळी नळीतच अडकते आणि माणूस दुसरा बार भरतो. कारखान्यातली नळी जादा दाबाचा बार उडवून तपासलेली असते. घरी पाइप कापून बनवलेल्या नळीची अशी चाचणी कुणी घेतलेली नसते. तिची पहिली चाचणी धरणाऱ्याच्या हातातच होते.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ फक्त बंदूक बनवण्याबद्दल आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. विनापरवाना बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं, *दुरुस्त करणं* आणि चाचणी घेणं, सगळं त्यात येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे. म्हणजे घरी बनवलेली रायफल पेटत नाही म्हणून ती खोलून बसणं हासुद्धा वेगळा गुन्हा. त्यामुळे दुरुस्तीची कृती या लेखात मिळणार नाही.

'पण ती चालतच नाही, मग बंदूक कसली?' हा युक्तिवादही टिकत नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनसुद्धा वापरता येणार नसतील तरच. टोपी बदलली की उडेल अशी बंदूक या सुटीत बसणं कठीण.

मग माळ्यावरच्या त्या बंदुकीचं करायचं काय? चाप ओढायचा नाही, साफ करायला घ्यायची नाही, आत बार भरलेला आहे असंच धरून चालायचं. घरात जुना परवाना आहे का ते शोधा. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि आजोबा गेले, तर बंदूक आपोआप नातवाची होत नाही. परवान्याची मुदत संपली किंवा बंदूक जवळ ठेवणं इतर कारणाने बेकायदा ठरलं, तर कलम २१ नुसार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परवानाधारक विक्रेत्याकडेही ठेवता येते, पण त्याला अटी आहेत. बंदूक घेऊन थेट ठाण्यात जाऊ नका, आधी फोन करून ती कुठे आणि कशी आहे ते सांगा. वारसाला ती स्वतःकडे ठेवायची असेल तर स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा लागतो: गावी जिल्हाधिकारी कार्यालयात, नवी मुंबईत राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात. आणि गावाकडची बंदूक गाडीच्या डिकीत टाकून वाशीला आणायचा विचार असेल, तर तो परवाना हातात येईपर्यंत सोडून द्या.