माफीचा साक्षीदार आणि ज्यूरीला द्यावयाचा इशारा : एका नियमाचा इतिहास

खुनाच्या कटातील एक जण माफी पत्करून न्यायालयात उभा राहतो आणि आपल्या सोबत्यांकडे बोट दाखवितो. गुन्ह्याची आतली माहिती त्याच्याइतकी कोणास नसते. खोटे बोलण्याचे कारणही त्याच्याइतके कोणास नसते. अशा साक्षीविषयी न्यायाधीशाने ज्यूरीस काय सांगावे, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८६६ मध्ये इलाही बक्ष प्रकरणात या विषयाची पायाभरणी केली. सहअपराध्याच्या एकट्या साक्षीवर झालेली शिक्षा बेकायदा नव्हे. मात्र अशा साक्षीवर विसंबणे धोक्याचे आहे, हे ज्यूरीस बजावणे न्यायाधीशाचे कर्तव्य आहे, अशी मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांची भूमिका होती. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात हीच दुहेरी भूमिका दोन ठिकाणी विभागली गेली. कलम १३३ ने अशी शिक्षा वैध ठरविली, तर कलम ११४ च्या उदाहरण (ब) ने महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा नसल्यास सहअपराधी अविश्वसनीय मानण्याची मुभा दिली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले, असेच म्हणावे लागेल.

ज्यूरीपुढील खटल्यात अपील सामान्यतः केवळ कायद्याच्या मुद्द्यावर करता येई. फाशीची शिक्षा कायम करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जात असल्याने तेथे पुराव्याची फेरतपासणी होई. परंतु खुनाबद्दल जन्मठेप झालेल्या कैद्याचा मुख्य आधार एकच : न्यायाधीशाने ज्यूरीस चुकीचे मार्गदर्शन केले, हे दाखविणे. त्यासाठी साधन काय, तर सत्र न्यायाधीशाने नोंदविलेले निवेदनाचे ठळक मुद्दे. 'ज्यूरीस योग्य इशारा दिला' एवढ्या एका ओळीवरून ज्यूरीने प्रत्यक्षात काय ऐकले, हे अपील न्यायालयाने कसे ताडावे? एका माणसाचे उर्वरित आयुष्य त्या ओळीवर अवलंबून असे. या पद्धतीतील हा सर्वांत मोठा दोष होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुजोरा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर इंग्लंडमध्ये १९१६ च्या बास्करव्हिल निर्णयाने दिले : तो स्वतंत्र असावा आणि त्या विशिष्ट आरोपीस गुन्ह्याशी जोडणारा असावा. ओरिसातील खुनाच्या भुबोनी साहू प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १९४९ मध्ये हेच तत्त्व अधिक नेमकेपणाने मांडले. निर्णय देणारे सर जॉन ब्युमाँट हे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. सहअपराध्यास सारी हकीकत ठाऊक असते. ती खरी सांगून अपराध्यांच्या यादीत एखाद्या निरपराधाचे नाव घुसडणे त्यास अवघड नाही. म्हणून खून कसा झाला, यास मिळालेला दुजोरा पुरेसा नाही; तसेच एका सहअपराध्याच्या कथनास दुसऱ्याच्या कबुलीचा टेकू चालत नाही. साहू याची शिक्षा रद्द झाली.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीस स्थान उरले नाही. इशारा मात्र टिकला. न्यायाधीश तो आता स्वतःसच देऊ लागले. इंग्लंडमध्ये ज्यूरी राहिली, पण सक्तीचा इशारा १९९४ च्या कायद्याने गेला. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम १३८ मध्ये, दुजोरा मिळालेल्या साक्षीवरील शिक्षा बेकायदा नाही, असा शब्दबदल झाला आहे. जुने उदाहरण (ब) कलम ११९ मध्ये कायम आहे. दुजोऱ्याविना झालेल्या शिक्षेचे काय, याविषयी नवे कलम मौन बाळगते.