१९६८ च्या दोन वाटा : कारखान्यातला प्रोग्रॅम आणि त्याची भावंडं

आजचा विषय नावाला जरा जड आहे: औद्योगिक सायबर-फिजिकल उत्पादन यंत्रणांमधली सॉफ्टवेअरची विविधता आणि तिचं व्यवस्थापन. नाव तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न असा आहे की, एकाच जातीची दहा यंत्रं दहा गिऱ्हाइकांकडे गेली, प्रत्येकात थोडा थोडा फरक केला, आणि त्यातल्या एकाच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. उरलेल्या नऊंचं काय?

हा प्रश्न कुठून आला ते बघायला आपल्याला मिशिगनला जावं लागतं. तिथे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक विभाग ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवायचा. यंत्राने केव्हा काय करायचं हे तेव्हा रिले पॅनेल ठरवायचं: मोठमोठी कपाटं, आत रांगेने रिले, आणि त्यांना जोडणारं तारांचं जंजाळ. सगळा तर्क तारांतच. मॉडेल बदललं की इलेक्ट्रिशियन मंडळी तारा उपसून नव्याने जोडत बसायची, आणि पुष्कळदा जुनं पॅनेल सरळ भंगारात जायचं. १९६८ साली या विभागाने रिले पॅनेलला पर्याय मागवला.

त्याच वर्षी १ जानेवारीला, मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली यांनी अशाच एका नियंत्रकाचा आराखडा कागदावर उतरवला होता. त्यातून आला मॉडिकॉन ०८४. कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प म्हणून ०८४! आज आपण ज्याला पीएलसी म्हणतो त्या घराण्याचा हा मूळपुरुष. त्याला संगणक म्हणायचं मुद्दाम टाळलं गेलं, आणि त्याची भाषा ठेवली लॅडर, म्हणजे रिलेच्या आकृतीसारखीच दिसणारी शिडी. जो इलेक्ट्रिशियन काल तारा जोडत होता, त्याला आज पडद्यावरची शिडी वाचता यावी, हा त्यामागचा हेतू. आमच्या मते यात मॉर्लींची खरी हुशारी दिसते; यंत्र बनवणारे इतर लोक इतका विचार करत नसत.

पण यात एक गोष्ट हातची गेली, आणि तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही. तार बदलणं त्रासाचं होतं, म्हणून माणूस ती विचार करून बदलायचा. आणि बदललेली तार पॅनेल उघडलं की दिसायची. प्रोग्रॅममधला बदल दोन मिनिटांत होतो आणि बाहेरून काही म्हणजे काहीच दिसत नाही. नवं यंत्र करायचं तर जुन्या यंत्राचा प्रोग्रॅम कॉपी करा, चार ओळी बदला, झालं काम. जाणकार याला ‘क्लोन अँड ओन’ म्हणतात: नक्कल करा आणि आपली म्हणून सांभाळा. सांभाळणं बहुतेकदा राहूनच जातं.

आता दुसरी वाट. तेच १९६८ साल, ऑक्टोबर महिना, जर्मनीतलं गार्मिश. नाटोने भरवलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या परिषदेत डग मॅकइलरॉय यांनी मांडलं की, सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यात बनतात तसे बनले पाहिजेत. पुढचं लक्षात घेण्यासारखं आहे. एकच भाग नको, भागांची कुटुंबं हवीत, असं त्यांचं म्हणणं. साइन काढणारा प्रोग्रॅम घ्या: कुणाला अचूकता जास्त हवी, कुणाला वेग, कुणाकडे मेमरी कमी. १९७६ साली डेव्हिड पार्नास यांनी ‘प्रोग्रॅमची कुटुंबं’ हीच कल्पना पक्की केली: आधी सगळ्यांत समान काय ते ठरवा, मग एकेकाचं वेगळेपण बघा. १९९० मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधून क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी वैशिष्ट्यांचं झाड मांडलं. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर, वस्तू पकडणारा हात हवाच. तो बोटांचा किंवा व्हॅक्यूमचा, दोहोंपैकी एक. बारकोड वाचणारा घेतला तर घेतला. कोण कुणाबरोबर चालतो, कोण चालत नाही, हेही झाडावरच लिहायचं.

म्हणजे उत्तर तयार होतं. मग कारखान्याने ते का घेतलं नाही?

आळस हे कारण सोपं आहे, पण पुरेसं नाही. कारखान्यातला फरक एकट्या सॉफ्टवेअरचा कधीच नसतो. बोटांच्या हाताऐवजी व्हॅक्यूमचा हात लावला की यांत्रिक ड्रॉइंग बदलतं, वायरिंग बदलतं, सेन्सर बदलतो आणि शेवटी प्रोग्रॅम. तिघांची तीन खाती, तीन वेगळी सॉफ्टवेअरं, आणि ताळमेळ कुणाकडेच नाही. शिवाय शेवटचे बदल गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये होतात, रात्री, माल अडकलेला असताना, पाठीमागे उभ्या मॅनेजरच्या देखत. यंत्र पुढे वीस-वीस वर्षं चालतं. भाषांचंही तसंच. आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ साली आलं आणि पाच भाषांना एका छत्राखाली आणलं, पण वारसा, इंटरफेस वगैरे ऑब्जेक्टची साधनं त्यात यायला २०१३ ची तिसरी आवृत्ती उजाडली. तोवर लोकांनी आपापले उपाय काढले. त्यातला एक म्हणजे दीडशे टक्क्यांचा प्रोग्रॅम: सगळ्या रूपांचा कोड एकत्र भरायचा आणि नको तो पॅरामीटरने बंद ठेवायचा. सुरुवातीला हे छान चालतं. पुढे बंद कोड चालू कोडापेक्षा जास्त होतो आणि पुसायची हिंमत कुणाला होत नाही.

दोन वाटा नीट जुळू लागल्या त्या योगायोगाने गार्मिशपासून शंभरेक किलोमीटरवर, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात. बिर्गिट फोगेल-हॉयझर यांच्या गटाने प्रयोगासाठी एक छोटं यंत्र उभं केलं, पिक अँड प्लेस युनिट. वस्तूंचा साठा, उचलणारी क्रेन, उतरती घसरगुंडी. मग कारखान्यात होतात तसे बदल एकामागून एक केले आणि नोंदवले. घसरगुंडीचा आकार बदलला: प्रोग्रॅमला हात लागला नाही. प्लॅस्टिकबरोबर धातूच्या वस्तू येऊ लागल्या: नवा सेन्सर आणि कोड, दोन्ही लागलं. त्यानंतर शिक्का मारणारा भाग बसवला, की क्रेनचं काम बदललं. कोणता बदल कुणाच्या खात्यात शिरतो हे इथे डोळ्यांनी दिसतं. यंत्र खेळण्याएवढं आहे, पण ज्याने साइटवर रात्री काढल्या आहेत त्याला हे खेळणं वाटणार नाही.

हे आम्ही इतकं ठामपणे का म्हणतो? आम्ही काही वर्षं भोसरीत एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीसाठी (नाव नको) प्रोग्रॅम लिहीत होतो. बेअरिंग दाबून बसवणारी प्रेस होती, एकाच मूळ प्रोग्रॅमवरून बऱ्याच गिऱ्हाइकांना दिलेली. लोडशेडिंगचे दिवस. एकीकडे वीज गेली, तासाने आली, आणि कुणी बटण न दाबता प्रेस खाली आली. फिक्श्चर रिकामं होतं, हात नव्हता तिथे, म्हणून निभावलं. कारण सापडायला अर्धा तास लागला: प्रेस कोणत्या टप्प्यावर आहे तो आकडा वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवला होता. वीज येताच पहिल्या स्कॅनला तो पुसायचा, एका ओळीचं काम.

बाकीच्या यंत्रांसाठी आम्ही यादी काढायला बसलो, आणि यादीच नव्हती. बिलांच्या फायलीतून गिऱ्हाइकं शोधली. चाकणला गेलो, नाशिकला गेलो. काही ठिकाणी तीच ओळ तशीच होती, काही ठिकाणी कुणीतरी आधीच दुरुस्त केली होती आणि कळवलं नव्हतं, एका ठिकाणी पत्ते बदलल्यामुळे आमची ओळ भलत्याच आकड्यावर चालली असती. एका मालकाने प्रेस विकून टाकली होती. कुणाला, ते त्यांना आठवेना. दलालाचा नंबर दिला, तो बंद होता. त्या प्रेसपर्यंत आम्ही पोचलो नाही.